प्राण्यांचे क्लोनिंग : अपयशातून उलगडत गेलेले कोडे

हापूसची कोय रुजवली तर येणारे झाड हापूसचीच फळे देईल याची खात्री नाही, हे कोकणातला प्रत्येक बागायतदार जाणतो. म्हणूनच तो कलम बांधतो. चांगल्या झाडाची डहाळी दुसऱ्या रोपावर जुळवली, की त्या डहाळीपासून वाढणारा सारा विस्तार म्हणजे मूळ झाडाची आनुवंशिक प्रत असते. उसाचे बेणे किंवा केळीचा मुनवा लावतानाही आपण हेच करतो. ‘क्लोन’ हा शब्द याच व्यवहारातून आला आहे. ग्रीक भाषेत त्याचा मूळ अर्थ डहाळी असा आहे. १९०३ साली हर्बर्ट वेबर या अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञाने तो अशा रोपांसाठी वापरला. प्राण्यांच्या आणि माणसाच्या संदर्भात तो रूढ होण्यास जे. बी. एस. हाल्डेन यांचे १९६३ मध्ये प्रसिद्ध झालेले एक व्याख्यान कारणीभूत झाले. त्या वेळी हाल्डेन भारतात स्थायिक झालेले होते.

मग प्राण्याचे कलम का होत नाही? गाईच्या कानाचा तुकडा जमिनीत पुरला तर गाय उगवत नाही, हे सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही. पण ‘का उगवत नाही’ या प्रश्नाने जीवशास्त्रज्ञांना शंभरावर वर्षे कामाला लावले आहे. प्रश्न नेमका असा आहे : एका फलित अंड्यापासून त्वचा, स्नायू, मेंदू, आतडे अशा शेकडो प्रकारच्या पेशी तयार होतात. त्वचेची पेशी त्वचेचेच काम करू लागते, तेव्हा उरलेल्या शरीराचा आराखडा ती गमावून बसते, की तो तिच्यात असतो पण वापरात नसतो? क्लोनिंगचा इतिहास म्हणजे मुख्यतः या प्रश्नाचा इतिहास आहे. प्रसिद्धी यशाला मिळाली, पण उत्तराचा मोठा भाग अपयशांनी दिला.

अर्धा भ्रूण आणि अख्खा भ्रूण

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ऑगस्ट वाइझमान या जर्मन शास्त्रज्ञाने असे मत मांडले, की पेशी विभागत जातात तशी आनुवंशिक द्रव्याची वाटणी होत जाते. वाटणी होता होता शेवटी प्रत्येक पेशीकडे तिच्यापुरताच हिस्सा उरतो. १८८८ मध्ये व्हिल्हेल्म रू यांनी बेडकाचा दोन पेशींचा भ्रूण घेतला आणि तापवलेल्या सुईने त्यातली एक पेशी मारली. उरलेल्या पेशीपासून अर्धाच भ्रूण तयार झाला. वाइझमान यांचे म्हणणे सिद्ध झाले असे वाटले.

परंतु तीनच वर्षांनी हान्स ड्रीश यांनी सी-अर्चिन या समुद्रातील काटेरी प्राण्याचे दोन पेशींचे भ्रूण नळीत हलवून त्यांच्या पेशी सुट्या केल्या. प्रत्येक पेशीपासून आकाराने लहान, पण संपूर्ण अळी तयार झाली! मग रू यांचा प्रयोग चुकला होता का? प्रयोग बरोबर होता, निष्कर्ष घाईचा होता. मेलेली पेशी जिवंत पेशीला चिकटूनच राहिली होती आणि तिच्या नुसत्या असण्याने वाढीवर परिणाम होत होता.

पुढचे पाऊल हान्स श्पेमान यांचे. तान्ह्या बाळाच्या मऊ केसाचा फास करून त्यांनी न्यूट या उभयचर प्राण्याचे फलित अंडे मधोमध आवळले, पण पूर्ण तोडले नाही. केंद्रक एका बाजूला राहिले. ती बाजू विभागत १६ पेशींपर्यंत गेली आणि दुसरी बाजू तशीच पडून राहिली. मग १६ पैकी एका पेशीचे केंद्रक मधल्या अरुंद वाटेने पलीकडे सरकले आणि श्पेमान यांनी फास पूर्ण आवळला. दोन्ही बाजूंना संपूर्ण भ्रूण तयार झाले, एक थोडा मागे राहिलेला एवढेच. चार वेळा विभागणी झाल्यावरही केंद्रकात सर्व काही शाबूत होते. यापुढे जाऊन पूर्ण वाढलेल्या प्राण्याच्या पेशीचे केंद्रक काढून केंद्रक नसलेल्या अंड्यात घातले तर काय होईल, असा प्रश्न त्यांनी १९३८ च्या आपल्या ग्रंथात विचारला. तो प्रयोग करण्याचा मार्ग मात्र त्यांना दिसत नव्हता.

७२६ मधले दहा

तो मार्ग १९५२ मध्ये फिलाडेल्फियात रॉबर्ट ब्रिग्ज आणि थॉमस किंग यांना सापडला. त्यांनी बेडकाच्या अंड्यातले केंद्रक काचेच्या सुईने अलगद उचलून टाकले. मग सुरुवातीच्या भ्रूणातील एक पेशी तिच्यापेक्षा किंचित अरुंद अशा काचनळीत ओढली. त्यामुळे पेशीचे आवरण फाटते, पण केंद्रक सुखरूप राहते. ते त्यांनी अंड्यात सोडले. असे १९७ प्रयत्न केल्यावर २७ भैकेर, म्हणजे बेडकाची शेपटीवाली पिल्ले, मिळाली. पण पुढे जरा मोठ्या भ्रूणातील केंद्रके वापरताच यश झपाट्याने घटले आणि शेपटी फुटू लागलेल्या भ्रूणापाशी ते जवळजवळ शून्यावर आले. वाढीच्या ओघात केंद्रक काहीतरी गमावते, असाच याचा अर्थ लावला गेला.

याच सुमारास ऑक्सफर्डमध्ये जॉन गर्डन या तरुण संशोधकाने काम सुरू केले होते. शाळेत जीवशास्त्रात त्यांचा क्रमांक २५० मुलांत शेवटचा होता. हा मुलगा शास्त्रज्ञ होऊ पाहतो हे हास्यास्पद आहे, अशा आशयाचा शेरा त्यांच्या शिक्षकांनी १९४९ मध्ये प्रगतिपुस्तकात लिहिला होता. तो कागद गर्डन यांनी चौकट करून आपल्या टेबलाजवळ लावला. प्रगतिपुस्तकात शेरे लिहिणाऱ्या आपणा सर्वांना ही गोष्ट माहीत असलेली बरी.

गर्डन यांनी झेनोपस हा आफ्रिकी बेडूक निवडला. त्या काळी गर्भधारणेच्या चाचणीसाठी हा बेडूक प्रयोगशाळांत पाळला जात असे आणि संप्रेरकाचे इंजेक्शन दिले की तो वर्षात केव्हाही अंडी देतो. गर्डन यांनी भैकेराच्या आतड्याच्या अस्तरातील पेशींची केंद्रके घेतली. या पेशी अन्न शोषण्याच्या कामाला लागलेल्या, म्हणजे ‘नोकरीला चिकटलेल्या’ होत्या. १९६२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधातील आकडे असे : ७२६ केंद्रके अंड्यांत घातली, त्यांतून चांगली वाढलेली भैकेरे मिळाली १०. शेकडा दीडपेक्षाही कमी. १९६६ पर्यंत अशा केंद्रकांपासून वाढलेले आणि स्वतः प्रजननक्षम असलेले नर व मादी बेडूकही त्यांनी दाखवले.

अंड्याचे स्वतःचे केंद्रक चुकून राहिले नसेल कशावरून, ही शंका रास्त होती. त्यासाठी एक सुंदर खूण उपयोगी पडली. साध्या झेनोपसच्या केंद्रकात दोन केंद्रिका असतात. पण प्रयोगशाळेत एकच केंद्रिका असलेला वाण सापडला होता. केंद्रके या वाणाची घेतली आणि अंडी साध्या वाणाची. जन्मलेल्या बेडकाच्या पेशीत एकच केंद्रिका दिसली की शंका मिटली.

आता येथे थांबून विचार करण्याजोगा प्रश्न आहे. दहा यशे महत्त्वाची की ७१६ अपयशे? केंद्रकात संपूर्ण आराखडा शिल्लक असतो का, एवढाच प्रश्न असेल तर एक खरे यशही पुरते, कारण नसलेल्या गोष्टीतून बेडूक निघणार नाही. पण ते केंद्रक पुन्हा सुरुवातीपासून काम का करत नाही, हे विचारायचे तर ७१६ कडेच पाहावे लागते. ब्रिग्ज व किंग आणि गर्डन यांचे निष्कर्ष वरकरणी विरुद्ध दिसत. प्रत्यक्षात दोघांनी एकाच गोष्टीच्या दोन बाजू दाखवल्या होत्या.

अपयशाचे एक कारण लवकरच लक्षात आले, ते म्हणजे वेग. आतड्याची पेशी सावकाश विभागते. बेडकाचे अंडे सुमारे दीड तासात पहिल्यांदा विभागते आणि पुढे अर्ध्या-अर्ध्या तासाने विभागत राहते. पाहुणे आलेले केंद्रक या वेगाशी जुळवून घेऊ शकत नाही. डीएनएची प्रत पूर्ण होण्याआधीच पेशी दुभंगते आणि गुणसूत्रे तुटतात.

आणखी एक उणीव राहिली होती. भैकेराच्या पेशीपासून पूर्ण बेडूक मिळाला होता. पूर्ण वाढलेल्या बेडकाच्या त्वचेतील केंद्रकांपासून मात्र भैकेरांपलीकडे मजल जात नव्हती. प्रौढापासून प्रौढ, हे वर्तुळ अपुरेच होते.

उंदरापाशी अडलेली वाट

सस्तन प्राण्याचे अंडे मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढे असते, म्हणजे बेडकाच्या अंड्यापेक्षा कितीतरी लहान. १९८१ मध्ये उंदरांचे क्लोन तयार केल्याचा एक दावा झाला, पण इतरांना तो प्रयोग पुन्हा करता आला नाही. फिलाडेल्फियाचे जेम्स मॅकग्रा आणि दाव्होर सोल्टर यांनी कसोशीने प्रयत्न केले आणि १९८४ मध्ये लिहिले, की केवळ केंद्रक बदलून सस्तन प्राण्याचे क्लोनिंग करणे जैविकदृष्ट्या अशक्य आहे. त्यांचे प्रयोग चोख असल्यामुळे अनेकांनी हा विषय सोडून दिला.

आज मागे वळून पाहिले तर उंदीर हा अवघड विद्यार्थी होता असे दिसते. फलनानंतर काही काळ भ्रूण अंड्यात साठवलेल्या शिदोरीवर चालतो, त्याची स्वतःची जनुके नंतर कामाला लागतात. उंदरात हा क्षण दोन पेशींच्या अवस्थेतच येतो, मेंढी आणि गाय यांच्यात तो ८ ते १६ पेशींच्या सुमारास येतो. म्हणजे बाहेरून आलेल्या केंद्रकाला जुने काम विसरून नवे शिकायला मेंढीत अधिक अवधी मिळतो. शिवाय मॅकग्रा-सोल्टर यांनी फलित अंडी वापरली होती. केंद्रकाला ‘नवे’ करणारे घटक अफलित अंड्यात अधिक प्रमाणात उपलब्ध असतात.

स्टीन विलाड्सन यांनी केंब्रिजमध्ये अफलित अंडी आणि मेंढीच्या सुरुवातीच्या भ्रूणातील पेशी वापरून कोकरे मिळवली आणि १९८६ मध्ये ते प्रसिद्ध केले. ‘अशक्य’ हा शब्द दोनच वर्षे टिकला.

डॉली

स्कॉटलंडच्या रॉसलिन संस्थेत इयान विल्मट आणि कीथ कॅम्पबेल काम करत होते. कॅम्पबेल पेशीचक्राचे जाणकार. दाता पेशी आणि अंडे ही दोन्ही पेशीचक्राच्या वेगवेगळ्या टप्प्यांवर असतील तर गुणसूत्रांची नासाडी होते, हे त्यांनी हेरले. उपाय साधा होता : पेशींना उपाशी ठेवायचे. पोषक द्रवातील रक्तद्रवाचे प्रमाण १० टक्क्यांवरून अर्ध्या टक्क्यावर आणले, की पाच दिवसांत पेशी विभागणे थांबवून विश्रांती घेऊ लागतात. अशा शांत पेशीचे केंद्रक अंडे अधिक सहजपणे स्वीकारते.

फिन डॉर्सेट जातीच्या सहा वर्षांच्या मेंढीच्या कासेतील पेशी गोठवून ठेवलेल्या होत्या. त्या वाढवून, उपाशी ठेवून, केंद्रक काढलेल्या अंड्यांशेजारी ठेवल्या आणि विजेच्या हलक्या झटक्याने दोन्ही जोडल्या. अंडी स्कॉटिश ब्लॅकफेस या काळ्या तोंडाच्या मेंढ्यांची होती. अशा २७७ जोडण्यांतून गर्भाशयात ठेवण्याजोगे २९ भ्रूण मिळाले. ते १३ मेंढ्यांमध्ये ठेवले आणि ५ जुलै १९९६ रोजी एक कोकरू जन्मले. काळ्या तोंडाच्या मेंढीला पांढऱ्या तोंडाचे कोकरू! फेब्रुवारी १९९७ मध्ये ही बातमी जगाला कळली. ती पेशी खरोखर प्रौढ मेंढीचीच होती का, अशीही शंका काढली गेली, कारण दाती मेंढी त्या वेळी गाभण होती. १९९८ मध्ये डीएनएच्या तपासणीने ती शंका दूर झाली. त्याच वर्षी होनोलुलूहून वाकायामा आणि यानागिमाची यांनी प्रौढ उंदरांच्या क्लोनची माहिती प्रसिद्ध केली. ‘अशक्य’ ठरलेला उंदीरही वश झाला.

येथे एक बारकावा सांगायला हवा. डॉलीची केंद्रकातील जनुके फिन डॉर्सेट मेंढीची होती, पण पेशीतील तंतुकणिकांना स्वतःचा थोडा डीएनए असतो आणि तो अंड्याकडून आला होता. तेव्हा क्लोन ही शंभर टक्के प्रत नव्हे.

इतके अपयश का येते?

डॉलीनंतर गाय, बकरी, डुक्कर, मांजर, घोडा, कुत्रा, माकड अशा वीसेक जातींचे क्लोनिंग झाले. तरी बहुतेक जातींत शंभर भ्रूणांमागे जिवंत पिल्ले साधारण एक ते पाचच मिळतात. २००५ मध्ये कोरियात जन्मलेल्या स्नपी या पहिल्या क्लोन कुत्र्यासाठी १०९५ भ्रूण १२३ कुत्र्यांमध्ये ठेवले होते. पिल्ले जन्मली दोन, जगले एक. २००१ मध्ये अमेरिकेत गाईच्या पोटी जन्मलेला गव्याचा क्लोन दोन दिवसांत दगावला. स्पेनमधील नामशेष झालेल्या रानबकऱ्याच्या जातीचे पिल्लू २००३ मध्ये क्लोनिंगने जन्मले आणि फुप्फुसातील दोषामुळे काही मिनिटांतच गेले. या आकड्यांमागे गर्भपात झालेल्या माद्या आणि गुदमरून मेलेली पिल्ले आहेत, हे विसरून चालणार नाही.

यामागचे कारण समजण्यासाठी एक उपमा घेऊ. शाळेच्या ग्रंथालयात एकच जाड ग्रंथ आहे आणि प्रत्येक वर्गाला त्याची पूर्ण प्रत दिली आहे. पण प्रत्येक वर्गाने आपल्याला नको असलेली पाने चिकटवून टाकली आहेत आणि हवी ती दुमडून खूण केली आहे. मजकूर सगळ्यांकडे पूर्ण, वाचता येणारी पाने मात्र वेगळी. पेशीत हा ‘डिंक’ म्हणजे डीएनएला चिकटलेले मिथिल गट आणि डीएनए ज्या हिस्टोन प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो त्यांच्यावरील रासायनिक खुणा. शुक्रपेशी आणि अंडपेशी तयार होताना या खुणा क्रमाक्रमाने पुसून नव्याने घातल्या जातात. त्या कामाला मोठा अवधी मिळतो. क्लोनिंगमध्ये कासेच्या पेशीची पाने सोडवण्याचे काम अंड्याला काही तासांत उरकावे लागते. कुठले तरी पान चिकटलेले राहते, कुठले नको ते उघडते.

त्यात आणखी एक गाठ आहे. काही जनुकांवर ‘आईकडून’ किंवा ‘वडिलांकडून’ अशी ठळक खूण असते आणि दोहोंपैकी एकच प्रत चालू राहायची असते. ही खूण पुसायची नसते. मॅकग्रा आणि सोल्टर यांनीच १९८४ मध्ये दाखवले होते, की दोन्ही केंद्रके आईकडची किंवा दोन्ही वडिलांकडची असलेला उंदराचा भ्रूण जगत नाही. क्लोनिंगमध्ये या खुणा बिघडल्या की त्याचा फटका प्रामुख्याने वारेला बसतो, कारण यांतील बरीच जनुके वार आणि गर्भाची वाढ यांच्याशी निगडित असतात. म्हणूनच अवाजवी मोठी वासरे, सुजलेली वार, उशिरा होणारे गर्भपात ही लक्षणे पुन्हा पुन्हा दिसतात. २०२४ मध्ये चिनी संशोधकांनी ऱ्हिसस माकडाचा दीर्घकाळ जगलेला क्लोन जाहीर केला. त्यांनी क्लोन भ्रूणाचा वार बनवणारा भाग बदलून साध्या फलित भ्रूणाचा भाग घातला होता. दोष कुठे आहे याचा हा चांगला पुरावा.

पण हा दोष खुणांचा आहे, मजकुराचा नाही, हे कशावरून? क्लोन केलेले काही उंदीर लठ्ठ होतात. २००२ मध्ये असे दिसले, की त्यांची नेहमीच्या मार्गाने झालेली पिल्ले लठ्ठ होत नाहीत. जनुकांचा मजकूर बिघडला असता तर तो पिल्लांकडे गेला असता. बिघडल्या होत्या त्या खुणा, आणि प्रजननाच्या वाटेवर त्या पुसल्या गेल्या. मजकूर शाबूत राहतो या विचारानेच पुढे शिन्या यामानाका यांना अंड्याशिवाय पेशी ‘मागे’ नेता आली. २००६ मध्ये त्यांनी चार जनुकांच्या साहाय्याने उंदराच्या सामान्य पेशी भ्रूणपेशींसारख्या केल्या. २०१२ चे नोबेल पारितोषिक त्यांना आणि गर्डन यांना मिळून देण्यात आले.

डॉलीच्या अकाली म्हातारपणाची गोष्टही याच प्रकाशात पाहावी. १९९९ मध्ये तिच्या गुणसूत्रांची टोके वयाच्या मानाने आखूड आढळली आणि १४ फेब्रुवारी २००३ रोजी, साडेसहा वर्षांची असताना, ती गेली. पण तिला झालेला फुप्फुसाचा कर्करोग एका विषाणूमुळे होतो आणि तो साध्या मेंढ्यांनाही होतो. तिच्याच पेशींपासून पुढे केलेल्या चार मेंढ्या सात ते नऊ वर्षांच्या वयात निरोगी असल्याचे २०१६ मध्ये नॉटिंगहॅमच्या संशोधकांनी दाखवले. अडचण आहे ती मुख्यतः जन्मापर्यंतच्या प्रवासात. तो पार पडला, की बरेच क्लोन सामान्य आयुष्य जगतात.

म्हैस, गाय आणि आपण

भारतात या तंत्राची मुख्य वाटचाल हरियाणातील कर्नाल येथील राष्ट्रीय डेअरी संशोधन संस्थेत झाली. तेथे महागड्या सूक्ष्महाताळणी यंत्राऐवजी बारीक पात्याने हातानेच अंड्याचा केंद्रक असलेला भाग कापण्याची पद्धत वापरली गेली. फेब्रुवारी २००९ मध्ये म्हशीचे पहिले क्लोन रेडकू जन्मले, पण काही दिवसांतच दगावले. जून २००९ मध्ये जन्मलेली गरिमा दोन वर्षांहून अधिक जगली. ऑगस्ट २०१० मध्ये जन्मलेल्या दुसऱ्या गरिमाला जानेवारी २०१३ मध्ये महिमा ही पारडी झाली. मार्च २०२३ मध्ये गीर गाईची ‘गंगा’ ही क्लोन कालवड जन्मली : पेशी गीर गाईची, अंडे साहिवाल गाईचे आणि गर्भाशय संकरित गाईचे. उत्तम दुधाच्या जनावराची प्रत मिळावी हा हेतू समजण्यासारखा आहे. पण यशाचे प्रमाण एवढे कमी असताना शेतकऱ्याच्या गोठ्यापर्यंतचा मार्ग लांबचा आहे, आणि सगळा कळप एकाच प्रतीचा झाला तर एकच रोग तो संपवू शकतो.

विद्यार्थी हटकून विचारतात : मेलेला कुत्रा क्लोनिंगने परत मिळेल का? याचे उत्तर २००१ च्या डिसेंबरात टेक्सासमध्ये जन्मलेल्या ‘सीसी’ या पहिल्या क्लोन मांजरीने दिले आहे. तिची दाती तिरंगी होती, सीसीच्या अंगावर मात्र केशरी रंग आलाच नाही. मांजरीत केशरी रंगाचे जनुक एक्स गुणसूत्रावर असते आणि मादीच्या प्रत्येक पेशीत दोनपैकी एक एक्स गुणसूत्र बंद होते. दात्या पेशीत जे बंद होते ते बंदच राहिले असावे. जनुके तीच, मांजर दुसरे. आणि माणसाचे काय? २००१ मध्ये डॉलीच्या गटाचे विल्मट आणि रुडॉल्फ येनिश यांनी मिळून लेख लिहून माणसाचे क्लोनिंग करू नका असे बजावले. प्राण्यांमधील अपयशे त्यांनी जवळून पाहिली होती.

वर्गात हा विषय घेताना डॉलीच्या चित्रापासून सुरुवात करण्याऐवजी फळ्यावर गर्डन यांचे दोन आकडे लिहून पाहावेत : ७२६ आणि १०. विद्यार्थ्यांचे दोन गट करावेत. एका गटाने दहा यशांवरून काय सिद्ध होते ते मांडावे, दुसऱ्याने ७१६ अपयशांची शक्य तितकी कारणे सुचवावीत आणि प्रत्येक कारण तपासण्यासाठी कोणता प्रयोग करावा लागेल तेही सांगावे. दुसऱ्या गटाचे काम अधिक अवघड आहे. त्याला एक तासिका जास्त द्यावी लागेल.